तयार टेरेनवर, म्हणजे खेळाच्या टेबलावर मांडायच्या भिंती-टेकड्या-इमारतींवर, पैसे घालू का?

सरळ सांगतो, सुरुवातीला नको. वॉरहॅमर ४०,००० हा छोट्या सैनिकांच्या फौजा टेबलावर लढवायचा खेळ; फौजेची ताकद पॉइंटांत मोजतात, आणि नेहमीच्या २,००० पॉइंटच्या खेळाला ६० बाय ४४ इंचांचं टेबल लागतं. तेवढं टेबल बॉक्समधल्या प्लास्टिकनं भरायचं म्हटलं, तर त्या पैशात दुसरी फौज उभी राहील. वर कस्टम ड्युटी आहेच.

त्यापेक्षा एक्सपीएस फोमची, म्हणजे थर्माकोलच्या घट्ट भावंडाची, शीट आण. इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. कटरचं पातं बोथट झालं की लगेच त्याचं टोक मोडून टाक, नाहीतर फोम फाटत जातो. विटांच्या रेषा बॉलपेननं दाबायच्या. दगडाचा पोत हवा असेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबत फिरवायचा. मग फेविकॉलमध्ये काळा अॅक्रिलिक कालवून दोन हात द्यायचे, कानाकोपऱ्यांसकट. हा थर न देता स्प्रे कॅन मारलास तर भिंत डोळ्यांदेखत विरघळेल. वाळल्यावर कोरड्या ब्रशनं करडा रंग नुसता घासायचा, की कडा उठून दिसतात. दिवाळीत किल्ला केला असशील, तर हात बसलेलाच आहे.

टेबलाच्या मध्यभागी मात्र नजर अडवणारं, उंच काहीतरी हवंच. ते नसेल तर लांब पल्ल्याच्या बंदुकांवाला पहिल्याच फेरीत तुझी अर्धी फौज उचलतो. साधा रंगवलेला खोकाही चालतो.

विकत घ्यायचंच असेल तर कमानीच्या खिडक्यांचे पडके गॉथिक वाडे घे. ते नक्षीकाम हातानं करायला जीव जातो. टेकड्या आणि भिंतींसाठी पैसे मोजणं मला तरी पटत नाही. आणि हो, हे सगळं ठेवायला कपाटात जागा आहे ना, ते आधी बघ.