व्लादिमीर म्हणजे ‘जगाचा राजा’ की ‘शांततेचा राजा’? आणि वोलोदिमिर हे वेगळं नाव आहे का?

दोन्ही अर्थ नंतर चिकटलेले आहेत, आणि वोलोदिमिर हे तेच नाव आहे.

पहिल्या भागाबद्दल वाद नाही. ‘व्लाद’ म्हणजे सत्ता, राज्य करणं. गडबड होते ती शेवटामुळे. जुन्या रशियन बखरींमध्ये, उदाहरणार्थ १३७७च्या लॉरेन्शियन प्रतीत, हे नाव ‘वोलोदिमेर’ असंही लिहिलेलं सापडतं. हा ‘मेर’ म्हणजे थोर, कीर्तिवंत. जर्मानिक नावांमधला ‘मार’ त्याचाच भाऊबंद, म्हणून वाल्डेमार हे नाव इतकं जवळचं वाटतं. तेव्हा मूळ अर्थ ‘सत्तेनं थोर’ असा घ्यावा. पुढे ‘मेर’चा अर्थ लोकांच्या लक्षात राहिला नाही आणि त्या जागी ओळखीचा ‘मिर’ ऐकू येऊ लागला. रशियनमध्ये ‘मिर’ म्हणजे शांतताही आणि जगही. १९१८च्या लेखनसुधारणेआधी हे दोन शब्द वेगवेगळ्या ‘इ’नं लिहीत आणि व्लादिमीर लिहिताना ‘जग’वाला ‘इ’ वापरत. ‘जगाचा राजा’ या अर्थाला त्यातूनच बळ मिळालं. बाळांच्या नावांच्या याद्या हाच अर्थ डोळे मिटून उतरवतात, याचं खरंच वाईट वाटतं.

‘व्ला’ आणि ‘वोलो’ हा फरक अर्थाचा नाही, ध्वनीचा आहे. पूर्व स्लाव्ह बोलींत जिथे ‘ओलो’ येतं, तिथे दक्षिणेकडून आलेल्या चर्च स्लाव्होनिक या धर्मभाषेत ‘ला’ येतं. रशियननं धर्मभाषेतलं रूप उचललं, युक्रेनियननं बोलीतलं राखलं. पोलिशमध्ये व्वोजिमिएश, बेलारूशियनमध्ये उलाद्झिमिर.

९८८मध्ये कीव्हचा राज्यकर्ता व्लादिमीर यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याला वासिली हे ख्रिस्ती नाव मिळालं. पुढे तो संत मानला गेला आणि त्याचं जुनं नावच चर्चच्या पंचांगात शिरलं. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या परंपरेतल्या बहुतेक स्लाव्ह नावांना ही वाट मिळाली नाही. त्याचा पणतू व्लादिमीर मोनोमाख. मोनोमाखाची नात इंगेबोर्ग डेन्मार्कमध्ये नांदायला गेली आणि तिचा मुलगा वाल्डेमार पहिला (जन्म ११३१) तिथला राजा झाला. डॅनिश राजघराण्यात हे नाव आलं ते या पणजोबांवरून.

आता वापरातलं. मराठीत आपण ‘मीर’ लांबवतो, पण रशियनमध्ये जोर ‘दी’वर असतो: व्लादीमिर. युक्रेनियन वोलोदिमिरमध्येही ‘दि’वरच, म्हणजे तिसऱ्या अक्षरावर. चेकमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण शेवटचा ‘मीर’ खरोखर दीर्घ. लाडाची नावं रशियनमध्ये वोलोद्या आणि वोवा, चेकमध्ये व्लाद्या, पोलिशमध्ये व्वोदेक. रशियन व्लादिमीरला ‘व्लाद’ म्हणू नका, ते सहसा व्लादिस्लावचं लघुरूप असतं. वडीलधाऱ्या किंवा कार्यालयातल्या माणसाला नावासोबत पितृनाम लावून हाक मारतात: वडील इवान असतील तर व्लादिमीर इवानोविच. वोवा म्हणायचं ते त्यांनी स्वतः सांगितल्यावरच.