दुसऱ्या कॉलेजने नेमलेल्या फुटबॉल कोचने जुन्या टीमचा सीझन पुरा करून जावं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हेल्मेटवालं फुटबॉल) नव्या ठिकाणी करार झालेल्या कोचने प्लेऑफ (सीझनअखेरची बाद फेरी) संपेपर्यंत जुन्या टीमसोबत राहावं का, आणि २०२५ मध्ये ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठ) आपला हेड कोच लेन किफिन एलएसयूला (लुइझियाना स्टेट) निघाल्यावर त्याला थांबू दिलं नाही ते चुकलं का.

माझं उत्तर कोचच्या पदावर आणि तो कुठे चाललाय यावर ठरतं. कोऑर्डिनेटर (फक्त आक्रमण किंवा फक्त बचाव सांभाळणारा सहायक कोच) असेल तर थांबावं. हेड कोच दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) जात असेल तर लेखी अटींवर थांबावं. हेड कोच त्याच कॉन्फरन्समधल्या टीमकडे जात असेल तर त्याच दिवशी चावी-लॅपटॉप ठेवून निघावं. ओल मिसने योग्य केलं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या नोटीस पिरियडशी याची तुलना करू नका. नोटीस पिरियडमध्ये माणूस जुनं काम हळूहळू दुसऱ्याच्या हाती देतो. इथे जुनं काम आणि नवं काम दोन्ही एकाच वेळी शिगेला पोचलेली असतात. शाळकरी खेळाडूंनी कॉलेजसाठी सही करण्याचा मुख्य दिवस पूर्वी फेब्रुवारीत असायचा. २०१७ पासून डिसेंबरातही सह्या होऊ लागल्या आणि २०२४ मध्ये ती तारीख डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आणली. त्याच वर्षी प्लेऑफ १२ टीमचा झाला, म्हणजे सीझन पुढे लांबला. जुन्या टीमचा सर्वांत मोठा महिना आणि नव्या टीमची भरती एकमेकांवर आदळतात ते यामुळे.

किफिनचंच बघा. ओल मिसचे साखळी सामने संपले २८ नोव्हेंबरला, खात्यावर ११ विजय आणि १ हार. एलएसयूला जाणार हे जाहीर झालं ३० नोव्हेंबरला, रविवारी. सह्या ३ डिसेंबरला, बुधवारी. दोन्ही कॉलेजं एसईसी या एकाच कॉन्फरन्समधली, शेजारच्या राज्यांमधली, बऱ्याचदा एकाच मुलाच्या मागे लागलेली. त्या तीन दिवसांत ओल मिसच्या यादीतल्या मुलाच्या आईला कोचने काय सांगायचं? "इकडे सही करा" म्हणाला तर नव्या मालकाशी प्रतारणा, "थांबा जरा" म्हणाला तर जुन्याशी. दोन्ही डगरींवर हात ठेवायला तिथे जागाच नव्हती.

बाहेरून दिसत नाही अशी खरी अडचण लॉकर रूममध्ये असते. सराव संपलाय, दुसऱ्या वर्षाचा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) टेपिंग सोडवत बसलाय आणि तो हळूच विचारतो, "कोच, मला नेणार का?" ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) नाव न घातलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या खेळाडूशी बोलणी करणं एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमात बसत नाही. पण हा कोच आता कागदावर दुसऱ्या कॉलेजचा आहे आणि मुलगा तर रोज समोर आहे. "हो" म्हटलं तर नियमभंग, "नाही" म्हटलं तर मुलगा खचतो, गप्प राहिलं तर तो त्याचा अर्थ "हो" असाच काढतो. ही वेळ कोचवर आणि त्या पोरावर येऊच द्यायची नाही, एवढ्या एका कारणासाठीही मी प्रतिस्पर्ध्याकडे जाणाऱ्याला थांबवणार नाही.

"पण हेड कोच गेला तर टीम कोसळेल" हा आक्षेप नेहमीचा. तो सरसकट खरा नाही. ओल मिसने सप्टेंबर २०२५ मध्ये टुलेनला किफिनच्या हाताखाली ४५-१० हरवलं होतं. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, २० डिसेंबरला, किफिनच्या जागी आलेल्या पीट गोल्डिंगच्या हाताखाली त्याच टुलेनला ४१-१० हरवलं. मग शुगर बोल या उपांत्यपूर्व सामन्यात जॉर्जियाला ३९-३४ नमवलं आणि उपांत्य फेरीत मायामीकडून २७-३१ अशी हार पत्करली. हे जमलं कारण हेडसेटमधले आवाज बदलले नाहीत. गोल्डिंग आधीपासून बचावाचा कोऑर्डिनेटर होता. आक्रमणाचे प्ले (चाली) सांगणारा चार्ली वाइस ज्युनियर एलएसयूला जाणार होता, तरी त्याला प्लेऑफपुरतं थांबू दिलं गेलं. प्ले सांगणारा माणूस ऐन वेळी बदलणं जास्त महाग पडू शकतं. २०१६ च्या सीझनमध्ये अलाबामाचा आक्रमण कोऑर्डिनेटर किफिनच होता आणि फ्लोरिडा अटलांटिकने त्याला हेड कोच नेमलं होतं. उपांत्य सामना त्याने केला, अंतिम सामन्याला आठवडा उरला असताना अलाबामाचा हेड कोच निक सेबन आणि तो वेगळे झाले आणि ती जबाबदारी स्टीव्ह सार्किसियनकडे आली. अलाबामा क्लेमसनकडून ३१-३५ हरली, निर्णायक टचडाउन घड्याळात एक सेकंद उरला असताना झाला. हार त्या बदलामुळेच झाली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण आधी न ठरवता मधूनच माणूस बदलणं हा तिन्हींतला सर्वांत वाईट पर्याय आहे. थांबायचं तर आधी ठरलेल्या तारखेपर्यंत, जायचं तर पहिल्या दिवशी.

कोऑर्डिनेटर थांबल्याची उदाहरणं चांगली आहेत. टॉम हर्मन २०१४ च्या सीझनमध्ये ओहायो स्टेटकडे थांबून ह्यूस्टनला गेला, कर्बी स्मार्ट २०१५ मध्ये अलाबामाकडे थांबून जॉर्जियाला, डॅन लॅनिंग २०२१ मध्ये जॉर्जियाकडे थांबून ऑरेगनला. तिघांच्याही जुन्या टीमनी त्या सीझनचं विजेतेपद मिळवलं. कोऑर्डिनेटरचं काम आठवड्याच्या गेम प्लॅनपुरतं बांधलेलं असतं, संपूर्ण टीमची भरती त्याच्या शब्दावर अडलेली नसते.

हेड कोचमध्ये स्कॉट फ्रॉस्टचं उदाहरण आवर्जून द्यावं लागेल. नेब्रास्काचा झाल्यावरही तो यूसीएफसोबत (सेंट्रल फ्लोरिडा) पीच बोल या सीझनअखेरच्या सामन्याला थांबला, १ जानेवारी २०१८ ला ऑबर्नला ३४-२७ हरवलं आणि टीम १३-० राहिली. त्या मुलांना तो सामना त्याच्याच सोबत मिळाला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. २०२५ मध्ये टुलेनचा जॉन समरॉल (पुढे फ्लोरिडा) आणि जेम्स मॅडिसनचा बॉब चेसनी (पुढे यूसीएलए) हेही प्लेऑफला थांबले. दोघे पहिल्याच फेरीत हरले, पण समोर ओल मिस आणि ऑरेगन होते, त्यामुळे दोष थांबण्याला देता येत नाही.

आता हेड कोचला थांबवण्याच्या लेखी अटी. जुन्या कॉलेजसाठी भरतीचं काम नवा करार झाल्या दिवसापासून बंद, ते फोन दुसरा कुणीतरी करेल. भरतीच्या याद्या आणि खेळाडूंच्या मूल्यमापनाच्या नोंदींचा प्रवेश काढून घ्यायचा, फक्त पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ आणि गेम प्लॅन ठेवायचे. नव्या कॉलेजची कामं सरावाच्या इमारतीबाहेर. कोणते सहायक सोबत जाणार हे पहिल्याच आठवड्यात जाहीर, नाहीतर उरलेले सगळे एकमेकांकडे संशयाने बघत बसतात. प्लेऑफचा बोनस कोण देणार तेही लिहून घ्यावं.

आणि मुदतीची तारीख स्पष्ट हवी. "सीझन संपेपर्यंत" असं मोघम लिहू नये. २०२५ च्या सीझनमध्ये उपांत्यपूर्व सामने ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला होते, पोर्टल उघडलं २ जानेवारीला. समरॉल पहिल्या फेरीत हरला म्हणून त्याला पोर्टलआधी जवळपास दोन आठवडे मिळाले. जिंकला असता तर उपांत्यपूर्व सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडाचा हेड कोच म्हणून त्याला पोर्टलसमोर बसावं लागलं असतं, आणि आणखी एक विजय मिळाला असता तर त्याच वेळी टुलेनच्या उपांत्य सामन्याची तयारीही करावी लागली असती. म्हणून करारात लिहावं: जुनी टीम बाहेर पडेल तो दिवस किंवा पोर्टल उघडण्याचा आदला दिवस, यांपैकी जो आधी येईल तो. त्यानंतर टीम जिवंत असेल तर ती कोणाच्या हाती जाईल, त्याचं नावही त्याच कागदावर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच.