वाचक विचारतात : सेंट लॉरेन्स नदी आणि शमो बेमधला स्मॉलमाउथ बास

स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्याबद्दलची या वेळची पत्रे जवळजवळ सगळी लेक ओंटारियोच्या पूर्व टोकाची आहेत. तिथून सेंट लॉरेन्स नदी सुरू होते आणि जरा दक्षिणेला, न्यूयॉर्कच्या किनाऱ्याला शमो बे आहे. (लिहिताना फ्रेंच थाट, पण तिथले लोक ‘शमो’च म्हणतात.) मोजमापे फुटांत आणि पौंडांत ठेवली आहेत, कारण तिथले नकाशे आणि दुकानातली पाकिटे तशीच असतात.

प्रश्न : नदीकाठच्या क्लेटन गावाच्या (न्यूयॉर्क) आसपास चार वेळा जाऊन आलो. बेटेच बेटे, जिकडे पाहावे तिकडे खडक. प्रत्येक जागा चांगली वाटते आणि गळाला काही लागत नाही. सुरुवात कुठून करावी? (किंग्स्टन, ओंटारियो)

अठराशेहून जास्त बेटे आहेत तिथे, त्यामुळे पाण्यावर दिसणाऱ्या खडकावरून अंदाज बांधाल तर जन्म पुरणार नाही. बासला तीन गोष्टी एका ठिकाणी लागतात : टणक तळ, हलते पाणी आणि जवळच खोली. तिन्ही असतील तिथेच गळ टाका. नुसता खडक किंवा नुसता प्रवाह पुरेसा नाही.

आधी तळ. इथल्या बासचे मुख्य खाणे म्हणजे राउंड गोबी. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा हा मासा जहाजांच्या तोल राखण्याच्या पाण्यातून आला आणि १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा सापडला. आपल्या निवटीच्या नात्यातला. त्याला हवेची पिशवी नसते, म्हणून तो तळाला चिकटूनच राहतो आणि बासचे तोंडही त्यामुळे खालीच असते. गोबीला लपायला फटी लागतात. सपाट, गुळगुळीत कातळावर तो कमी मिळतो. मुठीपासून नारळापर्यंतच्या आकाराचे धोंडे, शिंपल्यांची दाटी आणि धोंडे संपून वाळू सुरू होते ती रेघ, या त्याच्या जागा. ती रेघ सगळ्यांत महत्त्वाची. सोनारच्या (आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणाऱ्या होडीवरच्या यंत्राच्या) पडद्यावर टणक तळ जाड आणि उजळ उमटतो, मऊ तळ बारीक आणि फिका. शंका असेल तर अर्ध्या औंसाचे वजन तळावरून ओढा : धोंड्यांवर टकटक लागते, वाळूवर नुसते सरकते, चिखलात रुतल्यासारखे जड होते.

मग प्रवाह. नदी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहते. पाण्याखालच्या उंचवट्याच्या ज्या कडेवर पाणी येऊन आदळते, तिथे बास तोंड करून उभा असतो. म्हणजे नकाशावर उंचवटा सापडला की आधी त्याची नैर्ऋत्य कड तपासायची. बेटांच्या गर्दीत प्रवाह फाटतो, काही ठिकाणी तर उलटा फिरतो. इंजिन बंद करून दोन मिनिटे होडी कुठे वाहते ते बघा, नकाशापेक्षा तेच खरे. दोन बेटांच्या चिंचोळीतून पाणी वेगाने बाहेर पडते, तिथे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण डोळ्यांना दिसते. संथ बाजूला, शिवणीला लागून गळ टाका.

आता खोली. पाणी १५ ते १८ अंश सेल्सिअस असते तेव्हा नर आडोशाच्या खडीवर घरटी करतात. अंडी घालून झाली की जूनअखेर ते जुलैत मासा ८ ते २० फुटांत मिळतो. ऑगस्ट-सप्टेंबरात मोठे मासे मुख्य नदीतल्या उंचवट्यांवर, २० ते ४० फुटांत उतरतात. ऑक्टोबरात त्याहून खाली, तीव्र उताराच्या पायथ्याशी, थव्याने. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांमुळे ते इतके नितळ झाले आहे की ‘बास म्हणजे काठाजवळचा मासा’ हा समज इथे उपयोगाचा नाही.

काम असे करा : माथा १२ ते २० फुटांवर आणि उतार ३५-४० फुटांपर्यंत जाणारे सहा उंचवटे घरीच नकाशावर खुणा करून न्या. प्रत्येकाच्या वरच्या अंगाला ५०-६० फूट जा आणि प्रवाहाबरोबर होडी वाहू द्या. विजेची छोटी मोटर फक्त दिशा धरायला वापरा. गळ प्रवाहाच्या वर फेका, म्हणजे आमिष पाण्याबरोबर खाली येईल. प्रवाहाविरुद्ध धावणारा गोबी बासने पाहिलेला नसतो. तीन वेळा वाहून गेलात आणि टोच लागली नाही, तर पुढच्या उंचवट्यावर. एकाच जागी दोन तास हट्ट धरून बसणे ही सगळ्यांत महाग चूक. आणि मासा मिळाला की खोली, तळ आणि प्रवाहाची बाजू लिहून ठेवा. त्याच मापाचे दुसरे उंचवटे त्याच दिवशी चालतात.

मासे आहेतच, हे नक्की. २०२२ मध्ये क्लेटनला झालेल्या बासमास्टर एलिट स्पर्धेत विजेत्याने चार दिवसांच्या २० बासांचे वजन १०२ पौंड ९ औंस भरवले होते, म्हणजे सरासरी पाच पौंडांवर.

एक इशारा. मधली खोल वाट समुद्रातून येणाऱ्या जहाजांची आहे. त्या वाटेत नांगर टाकू नका. जहाज जाताना आधी काठचे पाणी ओढले जाते आणि मग लाट येते, उथळावर असाल तर दोन्ही वेळा होडी सांभाळावी लागते. शिवाय सीमा नदीच्या मधून जाते. न्यूयॉर्कचा परवाना ओंटारियोच्या पाण्यात चालत नाही, उलटही नाही.

प्रश्न : शमो बेच्या तोंडाशी शनिवारी १५ फुटांत भरपूर बास लागले. मंगळवारी तीच जागा, तेच आमिष, आकाशही तसेच. पण एकही नाही. मासे गेले कुठे? (सिरॅक्यूज, न्यूयॉर्क)

मधल्या दोन दिवसांत वारा कुठला होता ते पत्रात नाही, आणि उत्तर त्यातच आहे.

उन्हाळ्यात तलावाचे वरचे पाणी कोमट आणि खालचे थंडगार असते. नैर्ऋत्येचा वारा वरचे कोमट पाणी या कोपऱ्यात आणून साठवतो. वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा झाला की तेच पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याची जागा खालचे थंड पाणी घेते. एका रात्रीत पारा पाच-सहा अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उतरू शकतो. २१ अंश सेल्सिअसला हुंदडणारा बास १३-१४ अंशांना तोंड मिटून धोंड्यांत बसतो. कित्येकदा तो गेलेला नसतो, फक्त खात नसतो.

होडीवरचा तापमापक पृष्ठभागाचेच पाणी मोजतो, आणि दुपारच्या उन्हाने वरचा फूटभर थर फसवा गरम होतो. साधा तापमापक दोरीला बांधून १५ फुटांवर सोडा, दोन-तीन मिनिटे धरा आणि पटकन वर घेऊन वाचा. तोंडाशी थंड लागले तर आत वळा : थ्री माइल बे आणि गफिन बे या आतल्या फाट्यांत थंड पाणी उशिरा पोहोचते. वाटेतल्या प्रत्येक टोकाशी पुन्हा मोजा. दोन-तीन अंशांनी गरम पट्टा लागला की त्याच्या कडेला चुनखडीची पायरी शोधा. या उपसागराचा तळ चुनखडीचा आहे, आणि एकदम दोन-तीन फुटांनी तुटणाऱ्या अशा पायऱ्यांखाली बास रांगेने उभे असतात. जिथे पायरीत खाच पडलेली असते तिथे जास्त.

थंड पाण्यातच थांबायचे असेल तर आमिष लहान करा, अडीच-तीन इंच, आणि ते तळावर जवळजवळ निश्चल ठेवा. वारा पुन्हा नैर्ऋत्येचा झाला की साधारण एक-दोन दिवसांत जागा परत चालू होते. मासेमारीच्या वहीत तारखेशेजारी वाऱ्याची दिशा लिहिणारे फार थोडे, आणि मग आमिषाचा रंग चुकला म्हणून बाजारात जाणारे फार.

प्रश्न : ड्रॉप शॉट (दोरीच्या टोकाला वजन आणि त्याच्या वर गळ) लावला की दोरीला पीळ पडतो आणि वजन खडकात अडकते. प्रत्येक फेरीत दोन-तीन वजने जातात. (रॉचेस्टर, न्यूयॉर्क)

पीळ पडण्याचे कारण बहुधा आमिष. रबरी मासा गळावर वाकडा टोचला की वर ओढताना भोवऱ्यासारखा फिरतो. नाकाच्या अगदी मधोमध टोचा, होडीशेजारी पाण्यात ओढून बघा, फिरत असेल तर काढून पुन्हा टोचा. गळाच्या वर दीड-दोन फुटांवर छोटा स्विव्हल (फिरती कडी) घातला की उरलेला पीळ तिथेच थांबतो.

जुळणी अशी : ७ फुटांचा स्पिनिंग रॉड, रीळवर १० पौंडी विणलेली दोरी, पुढे ८ ते १० फूट ८ पौंडी फ्लुरोकार्बनची दोरी. एक नंबरचा गळ पालोमर गाठीने बांधा आणि गाठीचे उरलेले लांब टोक गळाच्या डोळ्यातून टोकाच्या बाजूने पुन्हा खाली काढा, म्हणजे गळ आडवा आणि टोक वर असा उभा राहतो. त्या टोकाला १० ते १५ इंचांवर वजन. २० फुटांपर्यंत पाव औंस, त्याखाली किंवा प्रवाहात तीन-अष्टमांश ते अर्धा औंस. दोरी ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी होत असेल तर वजन वाढवा.

धोंड्यांत गोल वजन फटीत बसते, लांबट नळीसारखे सुटते. दोरी वजनाच्या चिमट्यात नुसती अडकवा, खाली गाठ मारू नका. अडकले तर वजन निसटेल, गळ आणि आमिष हाती येईल. न्यूयॉर्कमध्ये अर्धा औंस किंवा त्याहून हलकी शिशाची वजने विकायला बंदी आहे, म्हणून टंगस्टन घ्या. महाग आहे, पण आकाराने लहान आणि तळ हाताला स्पष्ट कळवते. शिंपल्यांच्या कडा दोरी कापतात, म्हणून प्रत्येक माशानंतर शेवटचे दोन फूट बोटांतून फिरवा. खरखरीत लागले तर कापून पुन्हा बांधा. टोच लागली की झटका देऊ नका, रीळ फिरवत रॉड हळूच मागे झुकवा.

प्रश्न : ३५ फुटांवरून काढलेला बास सोडला तर उलटा तरंगतो. (ओटावा)

वर येताना दाब कमी होतो आणि त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. लगेच, मिनिटाभरात सोडलेले बरेचसे मासे स्वतः खाली जातात. फोटोसाठी खोळंबवलेले जात नाहीत. तरंगला तर ओठाला लावायचा चिमटा आणि दोन-तीन पौंडांचे वजन वापरून त्याला २५-३० फूट खाली नेऊन सोडा. सुईने हवा काढण्याची पद्धतही आहे, पण कुठे टोचायचे हे जाणकाराने हात धरून दाखवल्याशिवाय करू नये. आतड्याला किंवा मूत्रपिंडाला लागली तर मासा मरतो. सोडूनच द्यायचे असतील तर ३० फुटांखाली मासेमारी न करणे उत्तम.

प्रश्न : जिवंत गोबीच गळाला लावला तर? (किंग्स्टन)

नाही. दोन्ही बाजूंना बेकायदा आहे. साडेतीन इंची, हिरवट-तपकिरी ट्यूब (पोकळ रबरी आमिष) पाव ते तीन-अष्टमांश औंसाच्या जिगवर (डोक्याशी वजन असलेल्या गळावर) तळाशी खरडत आणा, पाण्यात ती गोबीच दिसते.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून जूनमध्ये येत आहेत. होडी नाही. काठावरून काही जमेल? (वॉटरटाउन, न्यूयॉर्क)

जूनचा दुसरा पंधरवडा काठासाठी उत्तमच, मासा तेव्हा उथळात असतो. न्यूयॉर्कमध्ये बास ठेवण्याचा हंगाम १५ जूनला उघडतो. दिवसाला पाच, किमान १२ इंच. १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, पाहुण्यांनाही. थोड्या दिवसांचाही मिळतो. शमो बेवर लाँग पॉइंट स्टेट पार्क आहे, नदीवर वेल्झली आयलंड आणि क्रिंग पॉइंट. सूर्योदयानंतरचे दोन तास किंवा संध्याकाळ निवडा, भर दुपारी काठावर उभे राहू नका. एक-अष्टमांश औंसाच्या चपट्या डोक्याच्या जिगवर पावणेतीन इंची रबरी कांडी लावा, पंख्यासारखी डावीकडून उजवीकडे फेका आणि तळावरून अगदी सावकाश ओढा. वारा तोंडावर येणारा काठ निवडा. आई-बाबांना तो आवडणार नाही, बासला आवडतो. घरट्यावर बसलेला नर दिसला तर त्याला सोडा, तो हलला की गोबी काही क्षणांत अंडी साफ करतात.

खायला ठेवणार असाल तर १२-१४ इंची ठेवा, मोठे सोडा. लेक ओंटारियो आणि या नदीच्या माशांसाठी राज्याच्या आरोग्य खात्याचे किती खावे याचे कोष्टक आहे. लहान मुले आणि गरोदर बायकांसाठी ते वेगळे आहे. जाण्याआधी बघून घ्या.

प्रश्न : हा मासा कोयनेत किंवा मुळशीत सोडता येईल का? (पुणे)

सोडू नये. गोबीने काय केले ते वर वाचलेच आहे.