पिलाटेसचा श्वास: आधी बरगड्या, मग ‘हंड्रेड’

ताई, पिलाटेस म्हणजे पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायामप्रकार. त्यात पहिले पंधरा दिवस नवीन व्यायाम वाढवू नका, आधी श्वास बसू द्या.

गुडघे वाकवून पाठीवर झोपा. खालच्या बरगड्यांभोवती ओढणी गुंडाळून टोकं समोर फुलीसारखी धरा. नाकानं श्वास घ्या. ओढणी दोन्ही बाजूंना आणि पाठीकडं ताणली गेली पाहिजे. मग गरम चहावर फुंकर घालतो तशी, पण सावकाश, लांब हवा सोडा. शेवटी बेंबीखालचं पोट आपसूक आत जातं, तेच हवंय. रोज 8-10 श्वास पुरे.

योगवर्गातून आलेल्यांचं श्वास घेताना पोट फुगतं. तिथं ते बरोबरच. इथं पोट हलकं आवळलेलं ठेवायचं असतं, म्हणून श्वास बरगड्यांत न्यायचा.

नेहमीच्या चुका:
- खांदे कानाकडं चढणं.
- जोर लागला की श्वास कोंडणं. ही सगळ्यात वाईट, रक्तदाब चढतो.
- भराभर फुंकणं. चक्कर आली तर थांबा, साधा श्वास घ्या.

‘हंड्रेड’ म्हणजे पाठीवर झोपून, डोकं आणि पाय उचलून, हात वर-खाली हलवत शंभर मोजायचा व्यायाम. त्यात 5 मोजेपर्यंत श्वास आत, 5 मोजेपर्यंत बाहेर, अशा 10 फेऱ्या. तुम्ही 3 करा, डोकं आणि पाय खालीच ठेवून. आणि लातूर-नांदेडच्या मे महिन्यात हे पहाटेच उरका. तापलेल्या पत्र्याखाली दुपारी नको.