ग्रामपंचायतीचा खर्च बघायचाय? मग नुसतं "हिशोब द्या" असं लिहू नका

तुम्ही विचारलंय की गावात बजेटवरून दोन गट पडलेत, सरपंच म्हणतात सगळं नियमात, समोरचे म्हणतात पैसे खाल्ले, ग्रामसेवक कागद काही दाखवत नाही, मग साध्या माणसाने करायचं काय. मी याच भानगडीतून गेलोय म्हणून लिहितो, गावाचं नाव सांगत नाही, तिथेच राहायचंय मला.

माझा पहिला आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, पार वाया गेला. जोशात लिहिलं की गेल्या पाच वर्षांचा संपूर्ण हिशोब द्या आणि एवढा खर्च का केला याचा खुलासा करा. एका ओळीत उत्तर, "माहिती मोघम स्वरूपाची आहे". लय राग आला पण चूक माझीच होती. आरटीआयमध्ये "का" विचारून काही हाती लागत नाही, दप्तरात जो कागद आहे तोच मिळतो, त्यामुळे कागदाचं नाव माहिती पाहिजे. बजेट म्हणजे नमुना 1. पैसे आले गेले ते रोकड वहीत, नमुना 5. आणि बांधकामाचा सगळा जीव असतो एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, कारण त्यातल्या आकड्यावरच ठेकेदाराचं बिल निघतं. आपल्या महाराष्ट्रात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द अशी अट आहे, सुरुवातीला जाच वाटतो पण त्याने अर्ज आपोआप नेमका होतो. कामाचं नाव, आर्थिक वर्ष, कोणता कागद, संपलं.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या, पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते आणि वीस रुपयांत पहिलं अपील करता येतं. झेरॉक्स दोन रुपये पान आहे पण सगळ्या झेरॉक्स मागू नका, अर्जात "अभिलेखाचे अवलोकन" असं लिहा, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्येच तो हक्क आहे. आधी बसून बघायचं मग लागतील तेवढीच पानं घ्यायची. (झेडपी, महापालिका असेल तर 2018 च्या जीआरप्रमाणे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 फायली बघता येतात.)

आमच्याकडे अवलोकनाच्या दिवशी ग्रामसेवक दुसऱ्या गावात आणि कपाटाची चावी शिपायाकडे. दोन तास बाकावर बसलो. शेवटी एमबी समोर आली, त्यात देवळापुढच्या पेव्हर ब्लॉकची लांबी 85 मीटर. मी वहीत लिहून घेतलं, संध्याकाळी पुतण्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं, भरलं 62. पोरगा म्हणतो काका परत मोजू, परत मोजलं, तेवढंच.

पण दुसरी बाजू पण सांगतो. विरोधी गटाचा मोठा आरोप हाच होता की वित्त आयोगाचे पैसे रस्त्याला न लावता गटारीत घातले, आणि तो निघाला पोकळ. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधील होती, रस्त्याला वळवताच येत नव्हती. हे ईग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवर मोबाईलवर पण बघता येतं, मग ग्रामसभेत तासभर बोंबलायची गरज नव्हती. म्हणून कुठल्याच गटाच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका, आपल्या गटाच्या तर अजिबात नाही.

62 आणि 85 चा कागद एमबीच्या पानासकट मी बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) दिला, भ्रष्टाचार हा शब्द कुठेही न लिहिता, फक्त "संयुक्त मोजणी व्हावी" एवढीच मागणी. तीन महिने काही नाही. मग 1 मेच्या ग्रामसभेत तोच कागद वाचून दाखवला आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, घ्यायला लावला, सही करण्याआधी प्रोसिडिंग वाचा बरं का, नंतर काय वाट्टेल ते लिहितात. जूनमध्ये इंजिनियर टेप घेऊन आला आणि पावसाच्या आत ठेकेदाराने उरलेले 23 मीटर गपगुमान टाकून दिले. नवे ब्लॉक जरा लाल आहेत, जुने पांढरट, कुठून जोडलंय ते लांबून पण दिसतं.

तुमचा वाद नक्की कुठल्या कामावरून आहे ते कमेंटमध्ये लिहा, अर्जाची ओळ कशी टाकायची ते सांगतो.