एअरबॅग उघडलीच नाही, आणि कंपनी म्हणते 'कोन बसला नाही'

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी माझे मिस्टर रात्री एकटेच गाडीने घरी येत होते. वाटेत पुलाचं काम चालू आहे. तिथे रस्ता अचानक दुभागतो आणि मधोमध काँक्रीटचा दुभाजक सुरू होतो. रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, बोर्ड नाही. गाडी समोरून त्याच्यावर आदळली. बॉनेट पार आत गेलं, पण एकही एअरबॅग उघडली नाही. सीटबेल्ट लावलेला होता, तरी स्टिअरिंगवर तोंड आपटून त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. गाडी त्यांच्याच नावावर, तीन वर्षांची, अकरा लाखांना घेतलेली, कर्ज अजून चालू आहे. अपघाताआधी दोनदा एअरबॅगचा दिवा लागला म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली होती. कंपनीने आता लेखी कळवलंय की धडकेचा वेग आणि कोन एअरबॅग उघडण्याच्या मर्यादेत नव्हता. डीलर म्हणतो, एका कागदावर सही करा, नव्या गाडीवर चांगली सूट देतो. विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं ठरवून, ती उचलायच्या घाईत आहे. पोलिसांनी उलट मिस्टरांवरच हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवलाय. 'लोकअदालतीत दंड भरा आणि मोकळे व्हा' असं सगळे सांगतात. अपघातानंतर आठच दिवसांत ठेकेदाराने तिथे रिफ्लेक्टर आणि लुकलुकणारे दिवे बसवले. आम्ही नक्की कोणाला जबाबदार धरायचं?

उत्तर : ताई, पुढचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण आज एक काम करा. ती गाडी हातची जाऊ देऊ नका.

तुमच्या बाजूने बोलणारा सगळ्यात भक्कम साक्षीदार तुमच्या दारात किंवा एखाद्या यार्डात उभा आहे. टोटल लॉसचा दावा निकाली निघाला की गाडीचा सांगाडा भंगार घेणाऱ्याकडे जातो. तो चार दिवसांत तिचे भाग सुटे करून विकतो, आणि मग एअरबॅग का उघडली नाही हे सिद्ध करायला तुमच्याकडे फोटोंशिवाय काही उरत नाही. विमा कंपनीला ईमेल करा, शिवाय रजिस्टर पोस्टाने पत्रही पाठवा. त्यात लिहा की उत्पादनातल्या दोषाबद्दल दावा दाखल करत आहोत, संयुक्त तपासणी होईपर्यंत सांगाड्याची विल्हेवाट लावू नये. दुसरा मार्ग म्हणजे दावा 'नेट ऑफ साल्व्हेज' तत्त्वावर घेणं. यात भंगाराची किंमत वजा होऊन बाकी रक्कम मिळते आणि सांगाडा तुमच्याकडे राहतो. पैसे थोडे कमी येतील, पण तुमच्या बाबतीत मी हाच मार्ग सुचवते. कर्ज असल्यामुळे बँकेलाही पत्राची प्रत द्या.

गाडी का हवी, तेही सांगते. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारी एक छोटी धातूची पेटी असते, बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरजवळच्या कन्सोलखाली. बऱ्याच गाड्यांत या पेटीत धडकेच्या क्षणाची नोंद राहते : गाडीचा वेग किती झपाट्याने उतरला, बेल्ट लावलेला होता का, यंत्रणेत आधीपासून काही बिघाड नोंदला होता का. कंपनीचे लोक 'फक्त स्कॅन करतो' म्हणून आले तर तुमच्या माणसासमोर, व्हिडिओ काढत, आणि मिळालेल्या माहितीची प्रत जागेवर देण्याच्या लेखी अटीवरच हात लावू द्या. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पुसताही येतात. डीलरच्या कागदावर सही करू नका. असे कागद बहुधा 'आता कोणतीही तक्रार उरली नाही' असंच म्हणत असतात, आणि ती सूट तुम्हाला फार महागात पडेल.

आता कंपनीच्या पत्राकडे वळू. 'वेग आणि कोन मर्यादेत नव्हता' हे वाक्य एअरबॅगच्या जवळजवळ प्रत्येक वादात येतं. ते नेहमीच खोटं असतं असं नाही. समोरच्या एअरबॅग मुळात समोरून बसलेल्या, गाडीचा वेग एकदम तोडणाऱ्या धडकेसाठी असतात. गाडी ट्रकच्या मागच्या बाजूखाली घुसली किंवा बाजूने घासली गेली तर त्या न उघडणं हा दोष असेलच असं नाही. पण कंपनीला एक साधा प्रश्न लेखी विचारा : 'हा वेग आणि हा कोन तुम्हाला कळला कुठून? त्या पेटीतून माहिती काढली असेल तर तिची प्रत द्या. काढली नसेल, तर तुमचं पत्र म्हणजे गाडी न उघडता दिलेलं मत आहे.' या प्रश्नाचं उत्तर न देणं हेसुद्धा ग्राहक आयोगासमोर तुमच्या उपयोगी पडेल.

अशा वादात ग्राहकाला आधार देणारा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल आहे. हुंदाई क्रेटाच्या अपघातात समोरच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या. वेग आणि बल यांची गणितं मांडून धडकेचा जोर मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. सुरक्षेची सोय सांगून गाडी विकली आणि ऐन वेळी ती चालली नाही, तर त्याची जबाबदारी उत्पादकावर येते. त्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आणि सोबत तीन लाखांच्या भरपाईचा आदेश कायम राहिला. पण या निकालावर विसंबून तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय जाऊ नका. तज्ज्ञ पुरावा नाही म्हणून फेटाळलेल्या तक्रारीही कमी नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. उत्पादनात दोष, आराखड्यात दोष, ठरलेल्या मापदंडांपासून फारकत, दिलेल्या हमीत न बसणं, धोक्याची पुरेशी सूचना नसणं, यातलं एक जरी सिद्ध झालं तरी कलम ८४ खाली उत्पादक जबाबदार ठरतो. तुमचं प्रकरण यातल्या दोन-तीन मुद्द्यांवर उभं राहू शकतं. आणि तुमच्या पत्रातली जी गोष्ट तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एअरबॅगचा दिवा दोनदा लागला होता. त्या वेळची जॉब कार्डं, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेले कामाच्या नोंदीचे कागद, शोधा. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात एसआरएस (म्हणजे एअरबॅगचा) दिवा लिहिलाय का आणि पुढे 'तपासलं, ठीक आहे' असा शेरा आहे का, ते पाहा. असेल तर उत्पादकाबरोबर सर्व्हिस सेंटरही कलम ८५ खाली सेवा पुरवठादार म्हणून उत्तर द्यायला बांधील आहे. तुमच्याकडची प्रत हरवली असेल तर सर्व्हिस हिस्टरी आजच ईमेलने मागा. दाव्याची नोटीस पोचली की या नोंदी मिळवणं अवघड जातं.

मला एक गोष्ट तुम्ही खरीखरी सांगायला हवी. गाडीला पुढे बुल गार्ड बसवला होता का? म्युझिक सिस्टीम किंवा हॉर्न बाहेरच्या गॅरेजमधून बसवताना वायरिंगला हात लागला होता का? धडकेचा जोर गाडीपर्यंत पोचण्याची रीत बुल गार्डमुळे बदलते, आणि असा फेरफार हा कलम ८७ खाली कंपनीचा पहिला बचाव असतो. झालं असेल तर लपवू नका. तुमच्या वकिलाला ते कंपनीच्या उत्तरात वाचायची वेळ येऊ नये.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. कोणत्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, गाडीला मोजलेल्या किमतीवर ठरतं, आणि पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवली. अकरा लाखांच्या गाडीला ४०० रुपये शुल्क. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका. तक्रारीसोबतच दोन अर्ज द्या : गाडी आहे त्या स्थितीत ठेवण्याचा अंतरिम आदेश, आणि कलम ३८ खाली गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवण्याची विनंती.

आता रस्ता. इथे एक सापळा आहे. आयोगात कंपनी म्हणेल की अपघात रस्त्यामुळे झाला, आणि रस्त्याचे लोक म्हणतील की डोळा एअरबॅगमुळे गेला. दोन्ही खरं असू शकतं. रस्त्याच्या दोषामुळे धडक झाली आणि गाडीच्या दोषामुळे इजा वाढली, अशी मांडणी पहिल्या नोटिशीपासून ठेवा आणि दोन्ही बाजू एकाच वेळी हलवा.

तो रस्ता कोणाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, रस्ते विकास महामंडळाचा की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, हे आधी माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. त्याच अर्जात ठेकेदाराच्या कराराची प्रत, कामाच्या जागेचा वाहतूक नियोजन आराखडा, सुरक्षा ऑडिटचा अहवाल, आणि ते रिफ्लेक्टर व दिवे बसवण्याचा आदेश कोणी, कोणत्या तारखेला दिला, ही माहिती मागा. रस्त्याचं काम चालू असताना फलक, बॅरिकेड आणि दिवे कसे लावायचे याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शक आहे, एसपी ५५. त्यातलं काय तिथे नव्हतं ते ओळीने मांडा. आठ दिवसांनी बसवलेले दिवे सांगतात की ते बसवणं शक्य होतं आणि गरज कळलेली होती. आधीचा एखादा फोटो, जवळच्या ढाब्याचं किंवा पेट्रोल पंपाचं फुटेज, त्याच ठिकाणी आधी अपघात झालेली माणसं, जे मिळेल ते गोळा करा.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. आराखडा, बांधकाम किंवा देखभालीचे मापदंड न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार अधिकारी संस्था, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होतो. धोका त्यांना माहीत होता का किंवा माहीत असायला हवा होता का, हेही न्यायालयाने पाहायचं असतं. मला ही रक्कम लाजिरवाणी वाटते. शिवाय ती तुम्हाला मिळत नाही, निधीत जाते. तरी तक्रार कराच, कारण कोणाची चूक हे त्यातून नोंदीवर येतं. भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश वकिलाला दाखवा. खड्डे आणि उघडी मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करावी, असं त्यात म्हटलंय. तुमचा दुभाजक म्हणजे खड्डा नव्हे, म्हणून आदेश जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण सुरक्षित रस्ता हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे त्यामागचं तत्त्व तुमच्या बाजूचं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज द्या, नकार आला तर रिट याचिकेचा रस्ता आहे.

पोलीस केसबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. लोकअदालतीत गुन्हा कबूल करू नका. हजार-दोन हजारांचा दंड भरून सुटका झाल्यासारखं वाटेल, पण 'हयगयीने गाडी चालवली' ही तुमच्या यजमानांची स्वतःची कबुली उद्या कंपनीचा आणि ठेकेदाराचा वकील तुमच्यासमोर ठेवेल. खटला लढा, आणि जागेवर इशारा नव्हता हाच त्यात बचाव घ्या. पंचनाम्याची आणि आरटीओ निरीक्षकाच्या तपासणी अहवालाची प्रत घ्या. पंचनाम्यात दिव्यांचा उल्लेखच नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

सरकारला कोणी विचारणार की नाही, असं तुमच्या मनात असणारच. विचारता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार एखाद्या प्रकारच्या वाहनातला दोष माणसांना धोकादायक असेल तर केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहनं परत बोलवायला लावू शकतं. ही माहिती ठराविक टक्के मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा इतर कोणत्याही स्रोताकडून आलेली चालते. त्यासाठी वाहन पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. तिथे नोंद कराच. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे, किंवा सोयीचं पडत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार प्राधिकरणालाही आहे. परत बोलावलेल्या वाहनाला मंजुरी देणाऱ्या चाचणी संस्थेची नोंदणी रद्द होऊ शकते असं कलम ११०ब म्हणतं, म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे या मॉडेलबद्दल किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय केलं हेही माहितीच्या अधिकारात विचारा. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला तर व्यापक जनहिताचा मुद्दा घेऊन अपील करा.

याचा तुमच्या केसला थेट फायदा काय, असं वाटेल. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांत इग्निशनचा स्विच चालत्या गाडीत सरकून बंद व्हायचा, आणि मग धडक झाली तरी एअरबॅग उघडायच्या नाहीत. तिथल्या नियामक संस्थेने २००७ मध्ये एअरबॅग न उघडण्याच्या तक्रारी समोर असूनही तपास उघडला नाही. गाड्या परत बोलावल्या गेल्या २०१४ मध्ये, आणि कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. त्याआधी सुटं सुटं पाहताना दोष चालवणाऱ्यांच्या माथी जात होता. तुमच्याच मॉडेलच्या आणखी चार मालकांची तशीच नोंद सापडली, तर 'कोन बसला नाही' हे उत्तर पाचही वेळा देणं कंपनीला जड जाईल.

एक गोष्ट राहिली, आणि ती बहुतेक कुटुंबांच्या लक्षातच येत नाही. पॉलिसीमध्ये मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास त्याच्या पन्नास टक्के, म्हणजे साडेसात लाख मिळतात. चूक कोणाची हा प्रश्न त्यात येत नाही, आणि गाडीच्या दाव्याशीही त्याचा संबंध नाही. पॉलिसीच्या हप्त्याच्या तपशिलात मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाची ओळ आहे का पाहा. नसेल तर यजमानांच्या नावे अशी स्वतंत्र पॉलिसी आहे का शोधा. जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घ्या आणि हा दावा वेगळ्या अर्जाने याच आठवड्यात लावा.