पालखी जाते ती वाट

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला. आपलं गाव आणि खाडीकाठचं बाजारगाव चालत, सायकलने जोडायचं असं तुझ्या मनात आलं, याचा आनंद पत्रात मावणार नाही. पण तू रेघ ओढलीस ती उपग्रहाच्या चित्रावर, आणि सरळ. कोकणात सरळ रेघ म्हणजे मध्ये दोन पऱ्ये-ओढे, एक कडा आणि मुंबईला राहणाऱ्या वीस जणांचं सामाईक रान. नवी वाट पाडायला जाऊ नकोस. असलेली शोध.

मोजणी खात्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, म्हणून आधी नकाशाचं सांगतो. भूमी अभिलेखाच्या कचेरीतून दोन्ही गावांच्या गावनकाशाच्या नकला काढ. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट, तुटक दुहेरी म्हणजे गाडीवाट. पायवाट 8¼ फूट रुंद धरतात, गाडीवाट 16½ ते 21 फूट. हे विचित्र आकडे साखळीतून आले. आमची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. चार आणे म्हणजे 8¼ फूट, आठ आणे म्हणजे 16½. तेव्हा नकाशावर रेघ असेल तिथे कुणाकडे वाट मागायची नसते, ती आहेच. रेघ कुठे तुटते, कुठे गडग्याच्या भिंतीखाली गेली, तेवढ्याच तुकड्यांची यादी कर. काही वाटा सातबाराच्या इतर हक्कात नोंदलेल्या असतात, तेही बघून ठेव.

नकाशात न दिसणारी वाट शिमग्यात दिसते. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, शिवेवर दुसऱ्या गावच्या पालखीला भेटते, तेव्हा तिच्या मागे चाल. ती कुठल्या खळ्यातून वर चढते, कुठलं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, तिच्यासाठी काढून ठेवतात, पऱ्या कुठे उतरते, सगळं टिपून घे. बांधावरून भावाभावात कोर्टकचेरी चाललेली असली तरी पालखीला बेडं बंद ठेवलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. तुझ्या वाटेचा अर्धा भाग तिथेच सापडेल, आणि तोही लोकांच्या मनातून आधीच मोकळा झालेला.

उरलेल्यासाठी माणसांकडे जावं लागेल. इथे घाई करू नकोस. बहुतेकांची एकच भीती असते: आज पायवाट दिली, उद्या रस्ता होईल, परवा डंपर येईल. ही भीती खोटी नाही, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नकोस. कागदावर लिहून दे की वाट फक्त चालणाऱ्यांची आणि सायकलींची, आणि ती मालकाच्या परवानगीने वापरात आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे 20 वर्षं अखंड, हक्काने केलेल्या वापरातून वाटेचा हक्क बसतो. परवानगीने केलेल्या वापराला हक्काचा वापर म्हणत नाहीत. मसुदा वकिलाला दाखवून घे आणि मालकाला हे शांतपणे समजावून सांग. निम्मे लोक तिथेच मोकळे होतात. सह्या गोळा करायच्या त्या गणपतीत. सगळे चाकरमानी एका पडवीत बसलेले सापडतात ते फक्त तेव्हाच. फोनवर ‘बघू’ म्हणणारा माणूस आरती झाल्यावर सही करतो.

वाट अडवली असेल तर तहसीलदारांकडे जाता येतं. शेताला जायला वाट नसेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, चालू वाट बंद केली तर 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. माहीत असू दे. पण तो शेवटचा उपाय ठेव. भांडून मिळालेल्या वाटेवर दर आगोटीला, पावसाच्या तोंडावर, कोयती घेऊन कोण उतरणार?

आता बांधणीचं. तुझ्या आराखड्यात चढणीवर काँक्रीट आहे. आमच्या वाडीत निधी आला तेव्हा एका कचेरीने जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उखडून तसाच गुळगुळीत उतार ओतला. मीही तेव्हा गप्प बसलो, फुकटचं काम कशाला अडवा म्हणून. जुलैत मी छत्री घेऊन वर उभा होतो. आधी पाणी पायरीपायरीवर थबकत उतरायचं, कडेच्या चराला लागायचं. आता ते एकसंध पत्र्यासारखं खाली आलं आणि वळणावर शेजाऱ्याचा गडगा घेऊन गेलं. चिरे सुटे होऊन त्याच्या माडाच्या आळ्यात पडलेले मला दिसत होते. पुढच्या पावसाळ्यात त्या काँक्रीटवर शेवाळ धरलं आणि एक म्हातारी तिथे पडली. ते मला अजून सलतं.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, म्हणून कुठलंही काम पाण्यापासून सुरू कर. पाखाडीला जांभ्याचा चिराच घाल. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो. दर पायरीला चराच्या बाजूला जरासा कल दे. आसूदला केशवराजाकडे जाताना साकव ओलांडून जी पाखाडी चढतात ती एकदा भर पावसात जाऊन बघ, पाणी कुठून वाहतं तेवढंच बघ.

सायकल पाखाडी चढणार नाही. त्याचे दोन मार्ग. पायऱ्यांच्या कडेला वीतभर रुंद सपाट पट्टी ठेवली तर शाळेतली पोरगीसुद्धा त्यावरून सायकल ढकलत वर नेते. नाहीतर सायकलला जुन्या गाडीवाटेने वळसा घालून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढव, 20 फुटांमागे एक फूट, त्याहून उभं नको. दोन्ही वाटा सड्यावर पुन्हा एक होतील. सड्यावर मात्र डोळे उघडे ठेव. आपल्याकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, त्यातली काही 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. चाक त्यांच्यावरून जाता कामा नये. आणि श्रावण-भाद्रपदात कातळावर फुलं येतात तेव्हा वाट सोडून कुणी फिरू नये, एवढं सगळ्यांना सांग.

खाडी आली म्हणून वाट संपली असं समजू नकोस. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, बागमांडला-वेसवी इथल्या फेरीबोटींवर सायकल जाते. पूल बघून आखलेली वाट मोटारवाल्यांची होते, होडीची तर बघून आखलेली चालणाऱ्यांची.

दापोलीजवळच्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे तरुणपणी परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले होते, 110 मैल. तिथे वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. हे आठवलं की मला नेहमी वाटतं, सतरा वर्षांचा मुलगा निघेल आणि पोचेल अशा वाटा तेव्हा होत्या. त्या कुणी एकाने बांधल्या नव्हत्या. लोक जात-येत होते म्हणून राहिल्या.

म्हणून उद्घाटनाच्या आधी रोज चालणारे ठरव. हायस्कुलात जाणारी मुलं, बाजाराला जाणाऱ्या बाया, मासळीची पाटी घेऊन वाड्यांत येणाऱ्या. पर्यटक मागून येतील. एक पावसाळा कुणी गेलं नाही तर रानमोडीचं तण वाट गिळतं. दोन्ही गावांनी शिवेपर्यंतचा आपापला भाग वाटून घ्यावा, आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन्हीकडे एकाच मजकुराचा ठराव व्हावा. पाऊस सरत आलेला असतो, बेणणीला, म्हणजे वाटेवरचं रान काढायला, तीच वेळ बरी.

शिमग्याला येशील तेव्हा रजा दोन दिवस जास्त टाक. पालखी शिवेवर जाते त्या दिवशी पहाटे निघू. गुडघा साथ देतो तिथवर मी येतो, पुढे आमचा धाकटा येईल. टेप मी घेतो, वही तू आण.

तुझा,
आजा